नऊ दिवसांत अन्नपूर्णा बेस कॅम्प? नागपूरहून निघण्याआधी थोडं बोलू

त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या ४८ वर्षांच्या, यजमान ५२ चे, भासरे, म्हणजे मोठे दीर, ५५ चे (बीपीची गोळी सुरू) आणि मुलगी २१ ची. दिवाळीला जोडून नऊ दिवसांची सुट्टी मिळतेय आणि नेपाळातला अन्नपूर्णा बेस कॅम्प करायचा आहे. एका सहल कंपनीने ‘नागपूर ते नागपूर नऊ दिवस’ असा कार्यक्रम दिलाय. हिमालयात आधी कुणीच चाललेलं नाही. झेपेल का, तयारी काय करायची, जॅकेटं कोणती घ्यायची? शिवाय सासूबाई म्हणताहेत, एवढं जाताच आहात तर लुंबिनीही करून या.

ताई, तुम्हाला चौघांनाही झेपेल, फक्त या नऊ दिवसांत झेपणार नाही. जॅकेटचं शेवटी बघू. नागपूरचा माणूस हिमालय म्हटला की आधी बर्डीच्या बाजारात जाऊन जॅकेट घेतो. मे महिन्यात ४५ अंशांत राहणाऱ्याला थंडीचीच धास्ती वाटणार, त्यात नवल नाही. पण मी पंधरा-सोळा वर्षं नागपुरातून लहान लहान गट नेपाळात नेतेय आणि थंडीमुळे अर्ध्यातून परत आणावा लागलेला एकही माणूस मला आठवत नाही. परत आणावे लागले ते उंचीमुळे, गुडघ्यांमुळे आणि बुटांमुळे. आणि या तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा एकच कारण होतं, ते म्हणजे दिवस कमी पडले. पैसे खर्च करायचेच असतील तर जॅकेटवर नको, दोन-तीन जास्तीच्या दिवसांवर करा.

आता दिवस मोजू. नागपूरहून काठमांडूला थेट विमान नाही, दिल्लीमार्गे जावं लागतं. काठमांडूहून पोखरा. विमानाने अर्ध्या तासाच्या आत, पण हवा बिघडली की ते विमान तासन्तास उडत नाही, आणि रस्त्याने गेलात तर अख्खा दिवस. म्हणजे जाण्यात दोन दिवस, येण्यात दोन. पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे. तिथून गाडीने झिनूच्या खालपर्यंत जाऊन चालत छोम्रोंग (२,१७० मीटर), हा पहिला मुक्काम. दुसरा दोभान (२,६००), तिसरा देउराली (३,२३०), चौथा माछापुच्छ्रे बेस कॅम्प, म्हणजे एमबीसी (३,७००). पाचव्या दिवशी पहाटे अंधारात निघून अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३०), तिथे सूर्योदय, चहा, फोटो, आणि त्याच दिवशी खाली दोभानपर्यंत. सहाव्या दिवशी झिनू, सातव्या दिवशी पोखरा. त्यावर एक दिवस मोकळा, पाऊस, पोट किंवा पाय यांपैकी कशासाठी तरी लागतोच. आठ आणि चार, बारा दिवस झाले.

कंपनीने हे नऊ दिवसांत कसं बसवलं ते त्यांचा कागद नीट वाचलात की दिसेल. मोकळा दिवस नसेल, आणि दोभान किंवा त्याच्या खालच्या बांबू या मुक्कामाहून एका दिवसात थेट एमबीसी किंवा वरचा बेस कॅम्प असेल. म्हणजे एका दिवसात हजार मीटरच्या वर चढून तिथेच झोपायचं. तब्येत रंग दाखवते ती त्याच रात्री.

ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून ठामपणे सांगते. माझा तिसरा गट होता, एका जणाला ऑफिसात लवकर हजर व्हायचं होतं, म्हणून मी दोभानहून एका दिवसात सगळ्यांना एमबीसीला चढवलं. संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात सगळे गोळा झालो. चाळिशीचा एक गडी, दिवसभर सगळ्यांच्या पुढे चाललेला, समोर दालभात घेऊन चमचा नुसता फिरवत होता. विचारलं तर म्हणे, ‘काही नाही जी, भूक नाही.’ तोवर तीन दिवस हाच माणूस प्रत्येक लॉजच्या डाळीला नावं ठेवत होता, डाळ पातळ आहे, मीठ कमी आहे, तिखट तर नाहीच. त्या रात्री डाळीबद्दल एक शब्द नाही. मला तिथेच शंका आली. लाकडी जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या सांध्यावर त्याला चालायला लावलं, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत. चौथ्या पावलाला तो बाजूच्या बाकावर कलला आणि हसला. ‘बूट ढिले आहेत.’ पायात बूट नव्हतेच, मोजे होते.

आमचा गाइड एवढंच म्हणाला, ‘दिदी, अहिले नै झर्ने’, आत्ताच उतरायचं. डोक्याला बॅटऱ्या लावून, त्याला मध्ये धरून रात्रीच देउरालीला उतरवलं आणि पहाटे आणखी खाली नेलं. दुपारी बांबूला त्याने दोन ताटं भात खाल्ला आणि पुन्हा डाळीला नावं ठेवायला लागला. तेव्हापासून माझ्या कार्यक्रमात दोभान ते एमबीसी एका दिवसात नाही म्हणजे नाही, मग कुणाचं ऑफिस बुडो.

शास्त्र फार अवघड नाही. ४,००० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्याच्या वेळेने. म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, झोपायची उंची महत्त्वाची. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, भूक नाही, झोप नाही यांतलं काही असेल तर त्याला विरळ हवेचा त्रास समजायचं, ‘उन्हामुळे’ किंवा ‘चहा मिळाला नाही म्हणून’ समजायचं नाही. थोडं असेल तर आहात तिथेच थांबा. वाढलं तर खाली. चाल अडखळायला लागली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा बसल्याजागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी खाली. चौघांनी निघण्याआधीच एकमेकांना शब्द द्या की दुखणं लपवणार नाही. आपल्याकडे ‘माझ्यामुळे सगळ्यांचं वाया जाईल’ म्हणून गप्प बसणारे फार, आणि त्यात बायका पुढे. तुम्हीही, ताई.

तरुण आणि दणकट माणसाला त्रास होत नाही हा समज सोडा. तुमच्या २१ वर्षांच्या मुलीला होऊ शकतो आणि भासऱ्यांना अजिबात न होऊ शकतो. फिटनेसवर ते ठरत नाही. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि अडकतो.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, ही गोळी डॉक्टर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, लक्षणं झाकत नाही. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. तिच्याने लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. म्हणून घरीच एक-दोन दिवस घेऊन बघायची, पहिल्यांदा डोंगरात नको. भासऱ्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालायचा. त्यांनी निघण्याच्या दोन महिने आधी फिजिशियनला दाखवावं, ‘४,१०० मीटरपर्यंत सात दिवस चालायचं आहे’ असं स्पष्ट सांगावं, स्ट्रेस टेस्ट लागेल का ते विचारावं. बीपी गोळीने ताब्यात असेल तर तेवढ्यावरून डॉक्टर सहसा अडवत नाहीत.

आणि एक तपासणी मी विदर्भातल्या प्रत्येकाला करायला लावते, जी पुण्या-मुंबईचे ट्रेकवाले विचारतही नाहीत. सिकलसेल. आपल्याकडे हा आजार किती पसरलाय ते वेगळं सांगायला नको. आपल्या घरात कुणाचा ‘एएस पॅटर्न’ आहे, म्हणजे कोण या आजाराचं वाहक आहे, हे अनेकांना लग्न जमताना किंवा बाळंतपणात कळतं, तोवर पत्ताच नसतो, कारण वाहकाला एरवी काही होत नाही. पण विरळ हवेत, पाणी कमी पडलं आणि शरीर ताणलं तर वाहकाच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. डाव्या बरगडीखाली एकदम जोराचं दुखतं आणि लोक गॅस समजून सोडा पितात. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच, असेल तर एवढ्या उंचीवर जाऊच नये. एएस असेल तर डॉक्टरांशी बोलून, उंची हळू वाढवत, भरपूर पाणी पीत. आणि डावीकडे दुखलं की वाद न घालता खाली. साधी रक्ततपासणी आहे. चौघांची करून घ्या.

आता पाय. उंचीची तयारी नागपुरात होत नाही. आपण ३१० मीटरवर राहतो. चिखलदऱ्याला गेलात तरी ११०० मीटरच. तोंडाला मास्क लावून फुटाळा तलावावर पळणारे मी पाहिलेत, त्याने फक्त घाम येतो. पण पायांची तयारी इथे उत्तम होते, आणि ती चढायची नाही, उतरायची करायची. अन्नपूर्णेची वाट म्हणजे दगडी पायऱ्या. छोम्रोंगहून खाली नदीपर्यंत हजारो पायऱ्या उतरायच्या, लगेच समोर सिनुवाला तेवढंच चढायचं, आणि परत येताना तेच उलटं. चढताना दम लागतो, थांबलं की भरून येतो. उतरताना गुडघा गेला तर तो थांबून भरून येत नाही.

अपार्टमेंटचा जिना हीच तुमची व्यायामशाळा. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. पाच किलोने सुरुवात, सहा-सात आठवड्यांत आठ किलोपर्यंत. उतरताना आवाज न करता पाऊल ठेवायचं. धपधप आवाज येत असेल तर मांडी काम करत नाहीये, गुडघा मार खातोय. रविवारी रामटेक. गडमंदिराच्या पायऱ्या एकदा चढून, दर्शन घेऊन गाडीने परत, असं नाही, तीन-चार फेऱ्या. लोक विचारतील नवस आहे का, हो म्हणा. निघण्याच्या तीन आठवडे आधी दोन दिवस पचमढी, चौरागडच्या तेराशे पायऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना जे वाटेल ते ट्रेकच्या तिसऱ्या दिवसासारखं असतं. तुमच्या घरात कुणी श्रावणात नागद्वारची यात्रा केली असेल तर त्यांच्याकडून चालण्याचं शिका. आपल्याकडची साठीची माणसं चिखलात, पावसात, साध्या चपलांवर ते डोंगर करतात, कारण ती सावकाश आणि न थांबता चालतात. नेपाळात याच चालीला ‘बिस्तारै’ म्हणतात. दिवसातून दहा वेळा कानावर पडेल.

काठ्या दोन घ्या, एक नाही. विमानात त्या मोठ्या बॅगेत टाकायच्या, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. उलटं केलं की विमानतळावर बॅग उघडावी लागते.

बूट. पाच-सहा वर्षांपूर्वी एक काका मोठ्या अभिमानाने भारी परदेशी बूट घेऊन आले. मुलाने पाठवलेले, दोन-तीन वर्षं खोक्यात जपून ठेवलेले, अगदी कोरे. सिनुवाच्या चढावर त्यांच्या मागे चालताना मला दगडावर काळा चुरा दिसायला लागला, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा. मग उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटक-फटक वाजू लागला. अर्ध्या तासात डाव्याचाही. बुटाच्या तळव्यातला फोम हवेतल्या दमटपणाने आणि उष्णतेने आतून कुजतो, न वापरताच. बाहेरून काही दिसत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा गच्चीखालच्या कपाटात ठेवलेले बूट म्हणजे तीन उन्हाळे भट्टीत. आमच्या भरियाने, म्हणजे हमालाने, दोरीने दोन्ही बूट असे बांधून दिले की काका त्यावर दीड दिवस चालले, मग एका लॉजवाल्याचे जुने बूट विकत घेतले, एक नंबर मोठे. म्हणून बूट यंदाचे घ्या, आठ आठवडे आधी, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, आणि जिन्याचा व्यायाम त्यातच करा.

कपड्यांचं पटकन सांगते. अंगाला लागून घाम सुकवणारा थर, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारा. पिसांचं जाड जॅकेट पोखऱ्यात भाड्याने मिळतं. सुती बनियन आणि जीन्स घरी. हातमोजे, कानटोपी, गॉगल, उन्हाचं मलम. मुलीसाठी आणि तुमच्यासाठी, उंचीवर पाळीचं वेळापत्रक पुढे-मागे होतं, तारीख नसली तरी सामान जवळ ठेवा आणि वापरलेलं पिशवीत बांधून खाली परत आणा. वर कचरा कुठेच जात नाही, तिथेच राहतो.

नेपाळचा दुसरा घोळ म्हणजे तो आपल्याला परदेश वाटतच नाही. व्हिसा नाही, हिंदी चालतं, रुपया चालतो, मग कागद कशाला बघायचे? माझ्या गटातले एक जण दिल्ली विमानतळावर आधार कार्ड घेऊन उभे राहिले आणि तिथूनच घरी परतले. विमानाने जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. तुमच्या मुलीकडे मतदार कार्ड नसेल तर पासपोर्टचा अर्ज आजच टाका.

पैशांचा हिशेब सोपा, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर १९९३ पासून तसाच आहे. आपल्या शंभराच्या नोटा बिनतक्रार चालतात. मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलतात, दुकानदार नाही म्हणू शकतो, म्हणून शंभराचीच गड्डी ठेवा. काठमांडू-पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय स्कॅन होतं, मार्च २०२४ पासून. पण पोखरा सोडलं की वाटेवर एटीएम नाही आणि नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा सगळ्या दिवसांचे नेपाळी रुपये पोखऱ्यातच काढून घ्यायचे. वर जाल तसा प्रत्येक गोष्टीचा दर चढतो, गरम पाणी, अंघोळ, फोन चार्ज करणं, सगळ्याला वेगळे पैसे. कुरकुर करू नका, तो सिलिंडर कुणीतरी पाठीवर नेलेला असतो.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो. सार्क देशांतल्यांना १,००० नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना ३,०००, म्हणून भारतीय आहोत हे आधीच सांगा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम आहे. वाटेत प्रत्येक ठिकाणी कुणी विचारेलच असं नाही, पण नियम नसता तरी मी तुम्हाला गाइड घ्याच म्हटलं असतं. चौघांत एक गाइड आणि दोन भरिया पुरतात.

विमा काढताना किंमत नंतर बघा, आधी ‘काय चालणार नाही’ ते पान वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत ठरावीक मीटरच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो किंवा साहसी खेळांचं वेगळं कलम जोडावं लागतं. तुम्हाला ४,१३० मीटर आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही त्यात लिहिलेलं हवं. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करून मंजुरी घ्यायची, नाहीतर बिल तुमच्या गळ्यात. आणि साध्या डोकेदुखीला कुणी फारच आग्रहाने हेलिकॉप्टर सुचवायला लागलं तर दोनदा विचार करा. खोट्या सुटकांची प्रकरणं एवढी वाढली होती की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली.

हवामान. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सगळ्यात स्वच्छ काळ, पण याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं होतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचं उरलंसुरलं दोन दिवसांनी अन्नपूर्णेच्या पलीकडच्या अंगाला, थोरोंग खिंडीत, प्रचंड बर्फ होऊन पडलं. ४० हून जास्त माणसं गेली. म्हणजे ज्या वादळाची बातमी आपण आंध्राची म्हणून ऐकतो, ती तुमची बातमी असते. तुमच्या वाटेवर देउराली ते एमबीसी हा पट्टा हिमकड्यांखालून जातो. जानेवारी २०२० मध्ये देउरालीच्याच परिसरात हिमस्खलनात चार कोरियन आणि तीन नेपाळी माणसं गाडली गेली. ताजा बर्फ पडला असेल तर गाइड म्हणेल तितके दिवस देउरालीत पत्ते खेळा, आणि एरवीही तो पट्टा सकाळी लवकर ओलांडा. मोकळा दिवस ठेवायचा तो यासाठी.

जेवण दालभात. मागाल तेवढा पुन्हा वाढतात. छोम्रोंगच्या वर मांस न्यायचं नाही असा तिथला रिवाज आहे, तो पाळा, सावजी आठवडाभर वाट बघेल. सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा न्या, दोन दिवसांनी लॉजवालेही मागतील. संत्रा बर्फी न्या, भरियांना फार आवडते. पाणी बाटलीत भरून क्लोरीनची गोळी टाकायची.

आणि कुणालाही ‘ए बहादूर’ म्हणून हाक मारायची नाही. आपल्याकडे वॉचमनला तशी हाक मारायची सवय असते आणि तिथे ती बरोब्बर लागते. दाइ, दिदी, भाइ, बहिनी. एवढे चार शब्द पाठ केलेत की लॉजमध्ये चुलीजवळची जागा मिळते.

तुमची सुट्टी दिवाळीतली आहे. तेव्हा तिथे तिहार असतो. आपल्या नरकचतुर्दशीच्या दिवशी ते कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात, मुलीला हे बघायला मजा येईल. पण भाऊबीजेच्या दिवशी, त्यांच्या भाइटीकाला, गाइड आणि भरिया यांना घरी बहिणीकडे जायचं असतं. आधीच विचारून तारखा जुळवा, नाहीतर ऐन वेळी चांगली माणसं मिळत नाहीत.

नऊ दिवस वाढत नसतीलच तर बेस कॅम्प पुढच्या वर्षावर टाका आणि यंदा घोरेपानी-पूनहिल-घांद्रुक करा. चालण्याचे चार दिवस, जाण्यायेण्याचे चार, एक मोकळा. सगळ्यात उंच जागा ३,२१० मीटर, तीही पहाटे तासाभरापुरती. झोपायचं २,८६० मीटरवर, घोरेपानीत. पूनहिलवरून धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा एका रांगेत दिसतात. उल्लेरीच्या तीन हजारांवर पायऱ्या आहेतच, गुडघ्यांची परीक्षा चुकत नाही. खरं सांगू का, पहिल्यांदा जाणाऱ्या घराला मी बारा दिवस असले तरी हेच सुचवते. लोक ‘बेस कॅम्प’ या शब्दापायी ऐकत नाहीत.

सासूबाईंची लुंबिनी विमानाच्या कार्यक्रमात बसत नाही, रेल्वेच्या कार्यक्रमात बसते. राप्तीसागर एक्सप्रेस नागपूरहून गोरखपूरला जाते, रोज नसते, म्हणून तारखा तिच्याप्रमाणे धरायच्या. गोरखपूरहून सोनौली सीमा शंभरेक किलोमीटर, पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनी तासाभरात. पोखऱ्याला जायला मात्र बुटवल-पाल्पामार्गे घाटातून अख्खा दिवस, आणि ती बस दिवसाचीच पकडा. यात विमानापेक्षा दोन दिवस जास्त जातात. नागपूरच्या कितीतरी बौद्ध घरांना हा रस्ता तोंडपाठ आहे. तुमच्या शेजारीपाजारी विचारलंत तर धर्मशाळेपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळी माहिती मिळेल.

लुंबिनी जाताना नको, येताना ठेवा. जाताना सगळे घाईत असतात आणि एक दिवस घसरला तर तो डोंगरातून कापला जातो. येताना पाय इतके आखडलेले असतात की पायरी दिसली तरी नको वाटते, आणि लुंबिनी अगदी सपाट आहे. मायादेवी मंदिर, अशोकाचा स्तंभ, पुष्करिणी, मग कालव्याच्या कडेने वेगवेगळ्या देशांचे विहार, ते सगळं ई-रिक्षाने होतं. मंदिरात जाताना पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तेव्हा त्या दिवशी बूट नको, साध्या चपला घाला. सात दिवसांनंतर वाकून नाड्या सोडणं तुमच्या भासऱ्यांना जमणार नाही.